बांधावरचा मोबाइल काय काय टिपतो?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वी तलाठी करीत असलेली पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबाद तालुक्यातही सोयाबीन, कापूस पेरणारा शेतकरी आपल्या गटात उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेतो. त्यासाठी ॲप कॅमेऱ्याची आणि ठिकाणाची परवानगी मागते. कारण उघड आहे: नोंद करणारा खरोखर शेतात आहे, घरी बाजेवर बसलेला नाही, याची खात्री हवी. म्हणून परवानगी देताना कोणी फारसे कचरत नाही.

परंतु सर्वच मागण्या इतक्या सरळ नसतात. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे बॅटरीसारखा उजेड पाडणारे ॲप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते ग्राहकांचे ठिकाण जाहिरातदारांना पुरवीत होते, तेही ग्राहकाने होकार वा नकार देण्यापूर्वीच, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३ साली ठेवला. उजेड पाडण्यास ठिकाण कशाला लागते?

याहून सूक्ष्म प्रश्न विचारणाच न होणाऱ्या भागांचा आहे. फोन आडवा केला की चित्रही आडवे होते, ते हालचाल टिपणाऱ्या संवेदकांमुळे, म्हणजेच सेन्सरमुळे. ॲण्ड्रॉइड फोनमध्ये त्यांचा वापर करण्यापूर्वी ॲप सहसा आपल्याला विचारत नाही. फोनचे फिरणे मोजणारा संवेदक बोलण्याची कंपनेही टिपतो आणि त्यांतून काही शब्द ओळखता येतात, हे २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले. पुढे २०२१ च्या ॲण्ड्रॉइड १२ मध्ये अशा वाचनाच्या वेगावर मर्यादा आली.

आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ठरलेल्या कामास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती ग्राह्य मानली आहे. (शासकीय लाभ देताना मात्र काही अटींवर संमतीवाचूनही माहिती वापरता येते, याची चर्चा फारशी होत नाही.) नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, संमतीविषयीची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याचे ठरले.

तोवर फोनच्या सेटिंगमध्ये ‘केवळ ॲप वापरताना’ हा पर्याय निवडता येतो. पीक पाहणीला नेमके ठिकाण लागते. धर्माबादच्या बाजारातील मिरचीचा भाव दाखविणाऱ्या ॲपला मात्र अंदाजे ठिकाण पुरेसे आहे. ॲण्ड्रॉइड १२ पासून तेवढेच देण्याची सोय आहे.