मोठी मोटार घेण्यापूर्वी

बुरूज बांधावयाचा असेल तर शहाणा मनुष्य आधी खाली बसतो आणि काम तडीस नेण्याइतका पैसा आपल्यापाशी आहे की नाही याचा हिशोब करतो, असा दाखला प्रभू येशूने आपल्या श्रोत्यांस दिला होता. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात तो आहे. शिष्यत्वाची किंमत समजावी म्हणून दिलेला हा दाखला संसारातील व्यवहारासही लागू पडतो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठी खरेदी कोणती, तर ती बहुधा मोटारीची. त्यातही सात-आठ जणांना घेऊन जाणारी उंच, भारदस्त मोटार, जिला आता सर्वत्र एसयूव्ही म्हणतात, ती घ्यावी की नाही, आणि घ्यावयाची तर नवी की वापरलेली, हा प्रश्न आमच्या कित्येक वाचक कुटुंबांपुढे उभा आहे. त्याचा विचार शांतपणे व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

अशा मोटारीची ओढ आजची नव्हे. १९९४ साली टाटांनी सुमो बाजारात आणली; टेल्कोचे धुरीण सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावांची पहिली अक्षरे जोडून ते नाव बनले होते. पुढे २००० साली क्वालिस, २००२ साली स्कॉर्पिओ आणि २००५ साली इनोव्हा आली, आणि आजी-आजोबांसह सारे घर एकाच गाडीतून जाऊ शकते याची लोकांना सवय झाली. लग्नकार्य, जुन्या गोव्याचे फेस्त, वेळांकणीची लांबची यात्रा, आजाऱ्याला मोठ्या शहरातील इस्पितळात नेणे, या सर्व प्रसंगी अशी गाडी किती उपयोगी पडते हे सांगावयास नको. ते सुख खरे आहे. प्रश्न एवढाच की, ते वर्षातून किती दिवसांचे, आणि त्याची किंमत घर किती वर्षे फेडणार?

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, शोरूमची पायरी चढण्यापूर्वी तीन महिने एक साधी वही ठेवावी. घरातील माणसे कोणत्या दिवशी, कोठे, किती जण मिळून गेली, एवढेच तीत टिपावे. पाचांहून अधिक माणसे दर आठवड्यास एकत्र निघत असतील, तर मोठ्या गाडीची गरज खरी समजावी. तसे दिवस वर्षातून दहा-बाराच भरत असतील, तर लहान गाडी ठेवून त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणे बहुधा स्वस्त पडते. मात्र भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची, परवानाधारक असावी. ओळखीच्या माणसाची खासगी गाडी भाडे देऊन नेणे हे कायद्यास धरून नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडते.

गरज खरी ठरली, तर पुढचा प्रश्न पैशाचा. समजा, १० लाख रुपये कर्ज ९ टक्के व्याजाने काढले. पाच वर्षांची मुदत घेतली तर मासिक हप्ता सुमारे २०,७५० रुपये पडतो आणि व्याजापोटी जवळजवळ २ लाख ४५ हजार जातात. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १६,१०० वर येतो, पण व्याज ३ लाख ५० हजारांवर जाते. विक्रेता नेहमी लहान हप्ता दाखवितो. घरच्या कर्त्या माणसाने एकूण बेरीज पाहावी. शिवाय विमा, टायर, इंधन आणि देखभाल हे हप्त्याबाहेरचे खर्च आहेत, आणि मोठ्या गाडीत ते सर्वच मोठे असतात. मुलांचे शिक्षण आणि वृद्धांचे औषधपाणी यांना हात न लावता जो हप्ता निघेल, तोच आपला हप्ता.

येथे वापरलेल्या गाडीचा विचार पुढे येतो. मोटारीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत झपाट्याने उतरते. विमा कंपन्यांच्या प्रचलित कोष्टकात तीन वर्षांवरील आणि चार वर्षांच्या आतील गाडीचे मूल्य ४० टक्के कमी धरतात. बाजारात नावाजलेल्या गाड्या इतक्या उतरत नाहीत, तरी पहिल्या मालकाने सोसलेली घट दुसऱ्याच्या पथ्यावर पडते हे खरेच. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त असतो, हे मात्र हिशोबात धरावे. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी उपकरासह तो ५० टक्क्यांपर्यंत जात असे. तेव्हा वापरलेल्या गाडीचा भाव ठरविताना तिच्या मालकाने पूर्वी काय मोजले ते न पाहता, तशीच नवी गाडी आज केवढ्यास मिळते ते पाहावे.

तथापि स्वस्ताईच्या मोहाने फार जुनी गाडी घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कारण येथे पैशापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. चाके न अडकता ब्रेक लागावेत म्हणून असलेली एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली. चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची २०२२ च्या आरंभापासून प्रत्येक नव्या मोटारीत आली. त्याआधीच्या गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत या गोष्टी असतीलच असे नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या नावाने मोटारींची धडक-चाचणी आपल्या देशात होऊ लागली. तीत प्रौढांच्या आणि बालकांच्या सुरक्षिततेस निरनिराळे तारे देतात. ही चाचणी ऐच्छिक असल्यामुळे आपल्या पसंतीच्या गाडीची ती झाली आहे काय, हे विचारून घ्यावे.

गाडी पाहावयास जाताना सारे कुटुंब न्यावे, आणि कर्त्या पुरुषाने आधी चालकाच्या आसनावर न बसता तिसऱ्या रांगेत बसावे. तेथे गुडघे छातीशी येतात काय, डोके छताला लागते काय, हे कळेल. त्या रांगेतील प्रत्येक आसनास खांद्यावरून येणारा पट्टा आणि डोक्याला आधार आहे काय, बाजूच्या पडदावजा एअरबॅगा तेथपर्यंत पोहोचतात काय, हे पाहावे. जुन्या गाड्यांत पाठीमागे समोरासमोर आडवी बाके असत. त्यांवर मुलांना बसविणे आम्ही सर्वथा गैर मानतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीस अपघात झाला. गाडी मोठी आणि महागडी होती. तरी मागे बसलेल्या दोघांचा अंत झाला आणि पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडीचा आकार पट्ट्याचे काम करीत नाही. चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसन नसेल तर चालकास १,००० रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, लेकराच्या मायेने ही काळजी घ्यावी.

तिसरी रांग उभी असताना सामानास जागा किती उरते, तेही पाहावे. पुष्कळ गाड्यांत ती दोन पिशव्यांपुरतीच उरते, आणि मग सामान टपावर चढते. टपावरील ओझ्याने उंच गाडी वळणावर अधिक कलते, आणि चोर्ला किंवा आंबोलीसारख्या घाटात हा धोका थट्टेवारी नेण्यासारखा नाही. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्या शिडीसारख्या मजबूत लोखंडी चौकटीवर बांधलेल्या असतात. खराब रस्त्यास त्या चांगल्या, पण त्यांचा तळ उंच असतो आणि मागे हादरे अधिक बसतात. एर्टिगा, कॅरेन्स यांसारख्या गाड्यांत सांगाडा आणि अंग एकच असते. त्यांत चढणे वृद्धांना सोपे जाते. गुडघेदुखीने बेजार झालेली आजी ज्या गाडीत कोणाच्या आधारावाचून चढू शकते, ती गाडी तुमच्या घरासाठी योग्य.

इंधनाची निवडही वापरावरून करावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासात ती आपोआप साफ होते, पण रोज घर, शाळा, बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर तुंबते, आणि तिची दुरुस्ती महाग असते. ज्यांचे चालणे गावातल्या गावात, त्यांनी पेट्रोलचा विचार करावा. मात्र आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या बहुतांशी त्यास अनुसरून बनविलेल्या नाहीत. अशा गाडीच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

वापरलेली गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर बराच वेळ थांबला नाही, तर इंजिनात पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. टायरच्या कडेवरील चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि साल असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर काहीतरी लपविले आहे असे समजावे. किलोमीटरचा काटा मागे फिरविता येतो, म्हणून त्याचा मेळ सर्व्हिसिंगच्या नोंदींशी आणि पायाखालच्या पेडलांच्या झिजेशी घालावा. पुराचीही आठवण ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागांत, २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात पाणी चढले होते. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाऊ शकते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. त्यावर मातकट रेघ दिसली, आसनाखालच्या नटबोल्टांवर गंज आढळला किंवा गालिच्याला कुबट वास आला, तर हात जोडून परत फिरावे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण राज्याच्या सीमेलगत राहतात. त्यांनी कागदपत्रांकडे दुप्पट लक्ष द्यावे. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी बेळगावास किंवा गोव्यास आणली आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, लागते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. नव्या राज्याचा पथकर पुन्हा भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागून घ्यावा लागतो. हा कर किंमतीत मिळवून पाहिला, तर परराज्यातील स्वस्त गाडी पुष्कळदा स्वस्त राहत नाही. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांस दिल्लीकडील डिझेल गाड्या कमी भावात मिळतात. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, हे त्या स्वस्ताईचे एक कारण होय. आपल्या कार्यालयात अशा गाडीची नोंद होईल काय, हे आगाऊ विचारावे. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, दंड थकले आहेत काय, गाडी पूर्वी टॅक्सी होती काय, हे सरकारच्या वाहन संकेतस्थळावर आणि नोंदणीपुस्तकात पाहता येते. विम्याची मालकी चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. भारतात विक्री थांबविलेल्या शेव्हरोले, फोर्ड यांसारख्या कंपन्यांची गाडी असेल, तर तिची दुरुस्ती आपल्या गावी होते काय, तेही पाहावे.

विकणाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. काटा मागे फिरविणे ही सातव्या आज्ञेविरुद्ध चोरी आहे, आणि अपघात लपवून गाडी निर्दोष आहे असे सांगणे हे आठव्या आज्ञेविरुद्ध असत्य आहे. ब्रेकचा दोष दडवून ज्याला आपण गाडी विकतो, त्याची मुले तीत बसणार असतात. एवढे ध्यानी घेतले, तर पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही.

व्हॅटिकनमधील स्थलांतरित व प्रवासी यांच्याविषयीच्या परमधर्मपीठीय मंडळाने २००७ साली रस्त्यावरील जीवनाविषयी एक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. मोटार ही सत्ता आणि वर्चस्व मिरविण्याचे साधन होऊ नये, असा त्यांतील एकीचा आशय आहे. मोठी गाडी निवडताना हाच प्रश्न आपण आपल्या मनास विचारावा. घरातील माणसांसाठी ती हवी आहे, की शेजाऱ्याच्या अंगणात तशी उभी आहे म्हणून?

सारांश, आमचे मत असे आहे. वहीने गरज दाखविली आणि हप्ता घराला झेपला, तर नवी गाडी घ्यावी. हप्ता झेपत नसेल, तर २०२२ किंवा त्यानंतर बनलेली, एकाच मालकाच्या हातची, कागदपत्रांनी स्वच्छ अशी वापरलेली गाडी घेण्यात कोणताही कमीपणा नाही. आणि वहीने गरजच दाखविली नाही, तर लहान गाडीत समाधान मानावे. गाडी घरी आली की आपल्या धर्मगुरूंकडून तिच्यावर आशीर्वाद मागावा आणि संत ख्रिस्तोफरची प्रतिमा जरूर लावावी. मात्र निघण्यापूर्वी मागे वळून, शेवटच्या रांगेतील लहानग्यानेही पट्टा बांधला आहे काय, हे रोज पाहावे.