ठिणगीची वेळ

आमच्या नगरला गाड्यांची नवलाई नाही. रणगाड्यांचं संग्रहालय इथे आहे, वाहन संशोधन व विकास संस्थाही इथेच आहे. पण माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या, कविता करणाऱ्या माणसाला इंजिनाचा पहिला धडा मिळाला तो इमामपूरच्या घाटात.

माझी व्हॅन जुनी, कार्बोरेटरची. पेट्रोल परवडेना म्हणून सीएनजी किट बसवून घेतलं. बसवणाऱ्याने टाकी, नळ्या सगळं नीट जोडलं. एक गोष्ट तेवढी राहिली. सपाट रस्त्यावर ती कळली नाही. अम्मीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेताना घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. इंजिन तापलं. पेट्रोलची टाकी मी आळसाने कोरडी ठेवलेली. पाऊण तास अम्मी उन्हात दगडावर बसून होती. त्या दिवशीची तपासणी हुकली.

माझ्या मामूंचं आयुष्य मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात गेलं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी सीएनजीवर आल्या तो काळ त्यांनी पाहिलेला. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, ''बेटा, इंधन बदललंस. ठिणगीची वेळ कोण बदलणार?''

ती वेळ म्हणजे काय? पिस्टन वर येताना हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबतो आणि प्लग ठिणगी टाकतो. पण मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. मग पूर्ण दाब पिस्टन खाली वळताच त्याच्यावर येतो.

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. पेट्रोलचीच वेळ ठेवली, तर पिस्टन खाली निघाला तरी ज्योत पसरतेच आहे. जोर वाया जातो, धूर जास्त तापून बाहेर पडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात. म्हणजे ठिणगी आणखी काही अंश आधी हवी. हेड घासून दाब वाढवलेल्या इंजिनाचं उलटं असतं. तिथे ठिणगी थोडी उशिरा लागते, नाहीतर इंजिन ठोके देतं.

मामूंनी एक नंबर प्लगच्या वायरीला टायमिंग लाइट लावला. त्याच्या लुकलुकत्या उजेडात फिरती खूण थबकल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून त्यांनी तो अगदी किंचित फिरवला, खूण पाहिली, पुन्हा फिरवला, मग आवळला. नंतर चढावर नेऊन कान लावला.

यात एक अडचण आहे. गॅससाठी आधी आणलेली ठिणगी पेट्रोलवर फार लवकर ठरते आणि इंजिन ठोके देतं. म्हणून जुन्या गाडीत एक तर मधला मार्ग काढायचा, नाहीतर फक्त गॅसवरच वेळ पुढे आणणारी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवायची. मामूंनी पेटी बसवली.

मुशायऱ्यात चांगला शेर अवेळी वाचला तर दाद जाते, एवढं मला ठाऊक होतं. इंजिनाचंही तसंच आहे, हे ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी अम्मी घाट चढून वेळेवर दवाखान्यात पोचली. तेव्हा किट बसवणाऱ्याला किंमत विचारून झाली की आणखी एक विचारा : टायमिंग कोण लावणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)