अ‍ॅम्बेसेडरचा बूस्टर बदलताना

परवा अंबरनाथच्या गॅरेजमध्ये एक जुनी अ‍ॅम्बेसेडर आली. मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. 2014 पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक. बूस्टर गेला होता.

बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवतो. आतला रबरी पडदा फाटला की मदत संपली. पण आधी व्हॅक्यूमचा पाइप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा, उगाच खर्च कशाला?

नवा बसवताना पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये किंचित फट हवीच. नाहीतर ब्रेक धरून राहतात, चाकं तापतात. घाईत नेमकं हेच राहतं.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालतोय.