चौपाटीच्या चित्रातून गायब झालेला माणूस

मुंबईची चौपाटी म्हटली की डोळ्यांपुढे काय येते? भेळपुरी, कुल्फी, फुगेवाला, मावळता सूर्य आणि अनंत चतुर्दशीचा जनसागर! सिनेमाने आणि वर्तमानपत्रांनी हेच चित्र वर्षानुवर्षे आपल्यापुढे ठेवले. या चित्रात सगळे आहेत, फक्त पहाटे झाडू आणि टोपली घेऊन वाळूत उतरणारा माणूस नाही. रात्रभर लोकांनी टाकलेले कागद, प्लास्टिक, उष्टे-खरकटे सकाळी दिसेनासे होते ते काही समुद्राच्या कृपेने नव्हे!

गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडून पाहा. मूर्तींचे भग्न अवशेष वेचणारे महाविद्यालयीन तरुण, हातमोजे घातलेले सिनेकलावंत, त्यांची नावे, त्यांच्या मुलाखती! २०१५ साली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ॲड. अफरोज शाह यांनी स्वच्छता मोहीम सुरू केली, २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने त्यांचा गौरव केला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी मामल्लापुरमच्या किनाऱ्यावर कचरा वेचला, त्याची चित्रफीत देशभर फिरली. कचरा उचलणाऱ्या कोणाच्याही हाताशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न एवढाच की, जे काम एक दिवस केले म्हणून गौरव होतो, तेच काम आयुष्यभर करणाऱ्याच्या वाट्याला निनावीपणा का? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. इथे काम पाहिले जात नाही, काम करणाऱ्याची जात पाहिली जाते.

या अदृश्यतेला पहिला मोठा तडा दिला तो छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी. वृत्तपत्रात नोकरी करीत असताना त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे आपला कॅमेरा लावला. शहरात असे सुमारे ३० हजार कामगार, आणि त्यांत बहुसंख्य आपल्याच दलित समाजातले. गटारात उतरलेला देह, कचऱ्याच्या गाडीवरची माणसे, त्यांची घरे आणि त्या घरांतल्या बायकामुलांचे हाल त्यांनी कृष्णधवल चित्रांत मांडले. ही चित्रे देशाबाहेरही पाहिली गेली. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. चित्र चांगले असूनही नाक मुरडून पाहावे लागते, हीच त्या चित्रांची ताकद आहे. कारण ते नाक मुरडणे पाहणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

वकील म्हणून मला या चित्रांचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. कंत्राटी सफाई कामगार कोर्टाची पायरी चढतो तेव्हा पहिला सवाल येतो, ‘तू इथे काम करत होतास याला पुरावा काय?’ नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, हजेरीपट कंत्राटदाराच्या कपाटात. शब्दांची हातचलाखी तर विचारूच नका. मुंबईच्या दत्तक वस्ती योजनेत झाडू मारणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि पगाराला ‘मानधन’! म्हणजे वर्सोव्याला हौसेने आलेला तोही स्वयंसेवक, आणि पोटासाठी रोज राबणारा तोही स्वयंसेवक. पहिल्याला या शब्दाने मान मिळतो, दुसऱ्याचा किमान वेतनाचा हक्क याच शब्दाने बुडतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ लढा दिला, तेव्हा कुठे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यानंतरही कागदावरच्या नावांच्या स्पेलिंगमधील फरकाची सबब पुढे करून अनेकांना ताटकळत ठेवले गेले. ज्याचे नाव कधी कोणी नीट लिहून घेतलेच नाही, त्याच्याकडे नावाचा अचूक पुरावा मागायचा, याला न्याय म्हणायचे काय?

आणि आपली दादरची चौपाटी? ७ डिसेंबर १९५६ रोजी याच वाळूवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला. म्हणून ती आपल्यासाठी चैत्यभूमी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखोंचा भीमसागर शिस्तीत येतो, पुस्तके विकत घेऊन परततो. पण कित्येक वर्षे काही वर्तमानपत्रांचा कॅमेरा तिथे फक्त कचरा शोधत असे! विसर्जनाच्या कचऱ्याला श्रद्धेची सूट, आणि आमच्या अभिवादनाला घाणीचा ठपका. त्या दिवशी शिवाजी पार्क झाडणारा कामगारही बहुधा आपलाच भाऊ, आपलीच बहीण असते, हे आपण तरी ध्यानात घेतो काय? महापालिकेच्या कामगारांची संघटना बाबासाहेबांनी स्वतः उभी केली होती, हा वारसा आपला आहे.

आज प्रत्येक तरुणाच्या खिशात मोबाईल आहे, म्हणजे कॅमेरा आहे. या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले छायाचित्र जरूर काढा, पण जाताना झाडूवाल्या ताईंपाशी दोन मिनिटे थांबा. त्यांची परवानगी घ्या, नाव विचारून नीट लिहून घ्या. तारीख, ठिकाण, कंत्राटदार कोण, पायात गमबूट आहेत की नाहीत हे टिपा, आणि एक प्रत त्यांच्या हाती द्या. परवानगी न देता कोणी तोंड फिरवले तर कॅमेरा खाली करा. गरिबीचे प्रदर्शन मांडणे हे आपले काम नव्हे. उद्या साहेबाने ‘पुरावा काय?’ म्हणून विचारले, तर तेच छायाचित्र त्या ताईंच्या बाजूने उभे राहू शकेल.

जयभीम!