शर्यतीनंतरची झाडाझडती

मे 2025 मध्ये मुंबईत हायरॉक्सची भारतातली पहिली शर्यत झाली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये 2017 साली सुरू झालेल्या या प्रकाराचा साचा जगभर एकच आहे: एक किलोमीटर धावायचं, मग एक कसरत, असं आठ वेळा. हॉकीतला ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता मोरित्झ फ्युर्स्टे हा हायरॉक्सच्या संस्थापकांपैकी एक.

साचा ठरलेला असल्यानेच निकालपत्रक बोलकं असतं. घोट्याला बांधलेल्या चिपमुळे प्रत्येक फेरीची, प्रत्येक कसरतीची आणि रॉक्सझोनमधल्या, म्हणजे मधल्या ये-जा करण्याच्या पट्ट्यातल्या वेळेचीही वेगळी नोंद होते.

समजा, एखाद्याची पहिली फेरी पाच मिनिटांत झाली आणि आठवी साडेसहा मिनिटांत. वेग फेरीगणिक थोडाथोडा घसरत गेला असेल, तर सुरुवातीलाच घाई झाली किंवा दम कमी पडला. अशा वेळी आठवड्यात संथ, लांब पल्ल्याचं धावणं वाढवावं लागतं. मात्र वजनदार स्लेड 50 मीटर ढकलल्यावरची तिसरी फेरीच एकदम कोसळली असेल, तर दुखणं मांड्यांच्या ताकदीत आहे. मग स्क्वॉट आणि स्लेडचा सराव, तोही लगेच धावण्याला जोडून.

आठव्या फेरीआधी 100 मीटर लंजेस असतात, हेही त्या फेरीची वेळ वाचताना लक्षात घ्यावं लागतं.

रॉक्सझोनमध्ये वेळ गेला असेल, तर पुढच्या सरावात कसरत संपताच चालत न जाता पळत निघायची सवय लावतात.