झेरॉक्स देण्याआधी जरा थांबा!

मैत्रिणींनो, बाळाचे वाळे-मनगट्या आपण कडीकुलपात ठेवतो. पण त्याच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आजवर कुठे कुठे गेल्या, हे सांगता येईल का?

बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय मुद्दाम काढते. चित्रकला स्पर्धा, शिकवणी, सहल... कुणी मागितलं की आपण झेरॉक्स देऊन मोकळ्या! एका ठिकाणी तर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच सगळ्या मुलांची कार्डं टाकलेली पाहिली. नाव, फोटो, जन्मतारीख, १२ आकडी नंबर, सगळं चव्हाट्यावर.

"पोराच्या नावावर १०० रुपयेही नाहीत, चोरणार काय?" एक ताई म्हणाल्या. अहो, इथे पैसे नाही, ओळख चोरीला जाते. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिमकार्ड घेण्याचे, खाती उघडण्याचे प्रकार घडतात. आपल्या खात्यात काही झालं तर मेसेज येतो. मुलाच्या नावाची मात्र वर्षानुवर्षं कुणी चौकशीच करत नाही. पुढे नोकरीच्या किंवा कर्जाच्या वेळी भानगड उघडकीला आली, तर निस्तरायचं त्या लेकरानेच ना?

म्हणून आधी विचारा, "आधारच कशाला? जन्मदाखला चालेल का?" शिष्यवृत्तीसाठी आधार मागतात, हे समजू शकतं, नाचाच्या क्लासला कशाला हवं? शाळाप्रवेशासाठीही आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात सांगितलं आहे.

द्यावंच लागलं, तर आधार प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून 'मास्क्ड आधार' काढा. त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फाइल पाठवली असेल, तर निघण्यापूर्वी समोर पुसून घ्या. मुलाच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर आपलाच आणि चालू असावा. आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी ओळखीच्या एजंटलाही नाही. आधार कुठे वापरलं गेलं, याची नोंदही त्याच वेबसाइटवर पाहता येते.

शंका आली तर आधारसाठी १९४७ आणि ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हे नंबर आहेत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

"सर काय म्हणतील?" या भिडेपोटी आपण गप्प बसतो. पण कागद का हवा, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो आईचा हक्कच आहे.