पेरियारच्या काठावरील राखणदार

रजा-प्रवास सवलतीवर केरळला जाणारी अनेक कुटुंबे ठेक्कडी येथे एक मुक्काम करतात, सरोवरात बोटीने फेरी मारतात आणि वाघ दिसला नाही म्हणून काहीशी खट्टू होऊन परततात. पेरियारचे खरे वैभव मात्र काठावर उतरून पायी चालणाऱ्यासच उमगते.

हे सरोवर मानवनिर्मित आहे. 1895 मध्ये मुल्लपेरियार धरण पूर्ण झाले, पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे मदुराईच्या बाजूस वळविण्यात आले आणि धरणामागे सुमारे 26 चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला. बुडालेल्या वृक्षांची काळवंडलेली खोडे आजही पाण्यातून डोके वर काढून उभी आहेत. त्यांवर पाणकावळे पंख वाळवीत बसतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर हत्तींचे कळप उतरतात. 1978 पासून हे अरण्य व्याघ्र प्रकल्प असून त्याचे क्षेत्र 925 चौरस किलोमीटर आहे.

याच अरण्यात एकेकाळी दालचिनीच्या जातीच्या ‘वायना’ वृक्षाची साल चोरून नेणाऱ्या टोळ्या वावरत. अटक, खटले आणि पुन्हा चोरी, असे हे चक्र होते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात वनखात्याने परिसर-विकास प्रकल्पांतर्गत त्यांच्यापुढे वेगळा मार्ग ठेवला. साल चोरणाऱ्यांची समिती स्थापन झाली आणि जंगलाची खडान्‌खडा माहिती असणारे हे लोक पर्यटकांचे वाटाडे व वनाचे पहारेकरी झाले. मन्नान आदिवासींची कहाणीही अशीच बोलकी आहे. त्यांची काळी मिरी कर्जापोटी व्यापाऱ्यांच्या घशात जात असे. समितीमार्फत कर्जे फिटली आणि मिरी थेट बाजारात जाऊ लागली. वेळेवर मिळालेले अल्प अर्थसाहाय्य माणसाला कसे उभे करते, हे बँकेच्या परिवारास वेगळे सांगावयास नको.

आज हे वाटाडे लहान गटांना जंगलातून पायी नेतात. बांबूच्या तराफ्यावरील सफर पूर्ण दिवसाची असते, तर ‘टायगर ट्रेल’मध्ये जंगलात तंबूत मुक्काम घडतो. सोबत सशस्त्र वनरक्षक असतो. चिखलातील ताजे ठसे, झाडावरील अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे हे ज्याच्या नजरेला प्रथम दिसतात, त्याने ती नजर कुठे कमावली हे ठाऊक असले की सफरीला निराळा अर्थ येतो.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ सुखद असतो. आगाऊ आरक्षण करणे, जळवांपासून रक्षणासाठी विशेष मोजे घालणे आणि भडक कपडे टाळणे हितावह. बोटीत जीवरक्षक जाकीट घालावे व प्राणी दिसला तरी जागा सोडू नये. 30 सप्टेंबर 2009 रोजी याच सरोवरात पर्यटकांची बोट उलटून 45 जणांना प्राण गमवावे लागले, याचा विसर पडू नये.

वाघ दिसेलच, याची हमी कोणी देत नाही. मात्र आपण भरलेल्या शुल्कातून कुणाच्या तरी घरची चूल पेटते आणि वायनाचे झाड सालीसह उभे राहते, एवढे निश्चित.